परकी किडनी, घरच्या पेशी

नर वासराबरोबर जुळी जन्मलेली कालवड सहसा गाभण राहत नाही. गुरं पाळणाऱ्यांना ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या फार आधीपासून ठाऊक होती. इंग्लंडात तर अशा कालवडीला ‘फ्रीमार्टिन’ असं वेगळं नावच आहे. गायीच्या पोटात जुळ्या वासरांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या बहुतेक वेळा एकमेकींना जोडल्या जातात. त्यांतून नराची संप्रेरकं कालवडीपर्यंत पोचतात आणि तिची जननेंद्रियं नीट घडत नाहीत. पण त्या वाटेने फक्त संप्रेरकंच जात नव्हती. रक्तपेशीही इकडच्या तिकडे होत होत्या, आणि किडनी प्रत्यारोपणातल्या सगळ्यात अवघड प्रश्नाचा पहिला धागा त्यामुळे गोठ्यात सापडला.

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात रे ओवेन गुरांचे रक्तगट तपासत असत. १९४५ साली त्यांनी दाखवलं की जुळ्या वासरांच्या अंगात स्वतःच्या रक्ताबरोबर भावंडाचं रक्तही फिरत असतं, आणि वासरू मोठं झालं तरी ते नाहीसं होत नाही. तांबड्या पेशी काही महिन्यांत मरतात. तरीही भावंडाच्या पेशी वर्षानुवर्षं सापडतात, याचा अर्थ रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशीच तिकडून येऊन कायमच्या वस्तीला राहिल्या होत्या. दोघांचे रक्तगट वेगळे, तरी भांडण नाही. हे आक्रीतच होतं, कारण परक्याला शरीर थारा देत नाही याचा दाखला तोवर युद्धाच्या काळात भाजलेल्यांच्या अंगावर मिळालेला होता.

दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्यांच्या जखमा झाकायला त्वचा कुठून आणायची, या प्रश्नाने पीटर मेदावर हे तरुण प्राणिशास्त्रज्ञ पछाडले गेले. ग्लासगोच्या रुग्णालयात शल्यविशारद टॉम गिब्सन यांच्याबरोबर त्यांनी एका भाजलेल्या स्त्रीच्या अंगावर तिच्या भावाच्या त्वचेचे लहान लहान तुकडे लावले. काही दिवस तुकडे तगले, मग झडले. पुन्हा त्याच भावाची त्वचा लावली, तर ती पहिल्यापेक्षा लवकर झडली. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाचा अर्थ साधा नव्हता. शरीर परक्याला नुसतं हाकलत नव्हतं, त्याची ओळख ध्यानात ठेवत होतं.

स्वतःच्या त्वचेची गोष्ट वेगळी. इंग्रजांच्या सैन्यात गाडीवान असलेल्या कावसजी नावाच्या मराठी माणसाचं नाक टिपूच्या लोकांनी कापलं होतं. पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची त्वचा खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं आणि १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ती हकिगत चित्रासह छापून आली. ते नाक टिकलं, कारण कपाळ त्याचंच होतं.

दोन भाऊ, एक किडनी

१९४८ साली स्टॉकहोमच्या आनुवंशिकी परिषदेत ह्यू डोनाल्ड या गुरांच्या अभ्यासकाने मेदावर यांना विचारलं, की वासरं एकाच बीजातून आलेली खरी जुळी आहेत की दोन वेगळ्या बीजांतली, हे कसं ओळखावं? मेदावर म्हणाले, सोपं आहे. एकाची त्वचा दुसऱ्याला लावा. खरी जुळी असतील तर टिकेल, नसतील तर झडेल. मग बर्मिंगहॅमपासून जवळच्या एका शेतावर जाऊन त्यांनी प्रयोग केले आणि तोंडघशी पडले. खऱ्या जुळ्यांची त्वचा टिकली, पण इतर जुळ्यांचीही टिकली, अगदी एक नर आणि एक मादी असली तरी. ओवेन यांचा शोध वाचल्यावर त्यांना उलगडा झाला. गर्भात असताना ज्याच्या पेशी अंगात फिरल्या, त्याला शरीर पुढे परकं मानत नव्हतं.

हे मुद्दाम घडवून आणता येईल का? मेदावर, रूपर्ट बिलिंगहॅम आणि लेस्ली ब्रेंट यांनी उंदराच्या पोटातल्या पिल्लांना दुसऱ्या वाणाच्या उंदराच्या पेशी टोचल्या. ती पिल्लं मोठी झाल्यावर त्यांच्यातल्या काहींनी त्या दुसऱ्या वाणाची त्वचा आनंदाने वागवली. १९५३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या या शोधनिबंधातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. परकी त्वचा वागवणाऱ्या अशा उंदरात त्यांनी त्याच्याच वाणाच्या, पण ही शिकवण न मिळालेल्या उंदराच्या लसिकाग्रंथीतल्या पेशी सोडल्या. इतके दिवस सुखात असलेली त्वचा झडली. त्वचा तीच, उंदीर तोच. बदलल्या होत्या फक्त पेशी. परक्याला ठेवायचं की घालवायचं, हा निर्णय परक्या अवयवात नसतो, घरच्या पेशींत असतो. या कामासाठी मेदावर यांना १९६० साली मॅकफार्लेन बर्नेट यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

किडनीच्या बाबतीत मात्र डॉक्टरांनी तोवर आडवाट धरली होती. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिक याची किडनी त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवली. दोघे एकाच बीजातले आहेत याची खात्री करण्यासाठी आधी एकाच्या त्वचेचा तुकडा दुसऱ्याला लावून पाहिला होता आणि पोलीस ठाण्यात नेऊन बोटांचे ठसेही ताडून पाहिले होते. रिचर्ड पुढे ८ वर्षं जगला, त्याची शुश्रूषा करणारी परिचारिका त्याची बायको झाली, दोन मुलं झाली. रोनाल्ड २०१० पर्यंत, एका किडनीवर, शिक्षकी आणि शेती करत जगला. पण जुळा भाऊ किती जणांना असतो? बाकीच्यांसाठी परक्या किडनीशी घरच्या पेशींचं जमवून देणं भाग होतं.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर आणि नंतर

नवी किडनी जुन्या किडनीच्या जागी बसवत नाहीत. ती पोटात खाली, उजव्या किंवा डाव्या बाजूला, कंबरेच्या हाडाच्या खोबणीत ठेवतात. पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना तिच्या रक्तवाहिन्या टाके घालून जोडतात. बर्फात ठेवलेली किडनी तोवर फिकट, राखाडी दिसत असते. चिमटे काढले की रक्त आत शिरतं, ती गुलाबी होते, घट्ट होते, आणि जिवंत दात्याची असेल तर बहुधा तिथेच मूत्रवाहिनीच्या टोकातून लघवीचे थेंब पडू लागतात. शस्त्रक्रिया करणाऱ्यांचा जीव इथे भांड्यात पडतो.

पेशींचं काम इथून सुरू होतं. किडनी एकटी आलेली नसते. तिच्या आत दात्याच्या काही पांढऱ्या पेशीही असतात. त्यांतल्या डेंड्रायटिक पेशींना झाडासारख्या फांद्या असतात, म्हणून हे नाव. त्यांचं काम बातमी पोचवण्याचं. नव्या रक्तप्रवाहाबरोबर त्या किडनीतून निघतात आणि यजमानाच्या, म्हणजे किडनी घेणाऱ्याच्या, लसिकाग्रंथींत जाऊन बसतात. त्यांच्या अंगावर दात्याच्या ओळखीचे प्रथिनांचे झेंडे असतात. त्यांना एचएलए म्हणतात. ते पाहून यजमानाच्या टी पेशी खवळतात. यजमानाच्या स्वतःच्या डेंड्रायटिक पेशीही नव्या किडनीतून तुकडे उचलून आणतात आणि दुसऱ्या वाटेने तीच बातमी देतात. पहिली वाट सुरुवातीच्या आठवड्यांत गाजते, कारण दात्याच्या त्या पेशी काही काळाने संपतात. दुसरी वाट किडनी असेपर्यंत उघडी राहते.

टी पेशींत दोन मोठे गट. सीडी८ पेशी स्वतः किडनीत घुसून तिथल्या पेशी मारतात. सीडी४ पेशी मुकादमासारख्या. त्या इतरांना कामाला लावतात, विशेषतः बी पेशींना. बी पेशी दात्याच्या एचएलएविरुद्ध प्रतिपिंडं बनवतात आणि ती प्रतिपिंडं किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर चिकटतात. मागाहून मॅक्रोफेज येतात, काही पाडापाडी करतात, काही राडारोडा उचलतात. किडनीने गाळून टाकायचं क्रिॲटिनिन रक्तात वाढू लागतं. वॉर्डातल्या भाषेत ‘रिजेक्शन’ सुरू झालेलं असतं.

एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एका ठिकाणी गुच्छाने असतात आणि आईकडून एक गुच्छ, वडिलांकडून एक गुच्छ असे मिळतात. त्यामुळे सख्ख्या भावंडांत दोन्ही गुच्छ जुळण्याची शक्यता चारांत एक, एक जुळण्याची चारांत दोन आणि एकही न जुळण्याची चारांत एक. आईवडील आणि मूल नेमके अर्धे जुळतात. नवराबायकोंत जुळलं तर योगायोगाने.

हे सगळं शस्त्रक्रियेनंतर घडतं. काहींच्या शरीरात तयारी आधीच झालेली असते: पूर्वी रक्त चढवलेलं असतं, आधीची एखादी किडनी गेलेली असते किंवा गर्भारपण झालेलं असतं. म्हणून आधी क्रॉसमॅच करतात. पॉल तेरासाकी यांनी १९६४ मध्ये रूढ केलेल्या पद्धतीत प्लास्टिकच्या लहानशा तबकडीत तिळाएवढे खळगे असतात. प्रत्येक खळग्यात तेलाचा थेंब, त्याखाली रुग्णाच्या रक्तद्रवाचा एक मायक्रोलिटर आणि दात्याच्या पांढऱ्या पेशी. मग सशाच्या रक्तद्रवातून घेतलेली पूरक प्रथिनं घालायची आणि रंग टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. जिवंत पेशी चकाकतात, मेलेल्या रंग पितात. खळगाभर पेशी रंगलेल्या दिसल्या तर ती किडनी त्या माणसाला द्यायची नाही. १९६९ साली तेरासाकी आणि रमण पटेल यांनी आकडे मांडले: क्रॉसमॅच विरुद्ध गेलेल्या ३० जणांपैकी २४ जणांची किडनी लगेच निकामी झाली होती, अनुकूल असलेल्या १९५ पैकी फक्त ८ जणांची. आता तंत्र सुधारलं, यंत्रं आली. पण किडनी मिळण्याच्या आदल्या रात्री कुटुंबं ज्या निकालाची वाट बघत बसतात, तो हाच.

भारतात याला एक वेगळी किनार आहे. इथे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकांची संख्या जास्त. आई देते, बायको देते. उलट प्रसंगी, म्हणजे बायकोची किडनी गेली आणि नवरा द्यायला तयार झाला, तर अडचण त्यांच्याच मुलांमुळे येऊ शकते. गर्भारपणात मुलांच्या मार्फत नवऱ्याचे एचएलए तिच्या बी आणि टी पेशींना आधीच भेटून गेलेले असतात, आणि त्या विसरत नाहीत.

गोळ्यांचा पेच

मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ साली किडनी प्रत्यारोपणाचा प्रयत्न झाला, १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात यश आलं. त्या काळी पेशींना आवरायला ॲझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड एवढीच मुख्य औषधं होती. चित्र बदललं ते मातीने. नॉर्वेतल्या हार्डांगर पठारावरून सँडोझ कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने आणलेल्या मातीतल्या बुरशीत सायक्लोस्पोरिन मिळालं. जपानमध्ये त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूत १९८४ साली टॅक्रोलिमस मिळालं. ईस्टर बेटावरच्या मातीत रॅपामायसिन. सायक्लोस्पोरिनला १९८३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि एका वर्षात किडनी गमावणाऱ्यांचं प्रमाण झपाट्याने घटलं.

आज बहुतेक रुग्णांचा दिवस टॅक्रोलिमसच्या घड्याळावर चालतो. सकाळी नऊ, रात्री नऊ, मोबाइलमध्ये गजर. औषधाची रक्तातली लेव्हल तपासायची असेल त्या दिवशी सकाळची गोळी खिशात ठेवून लॅबमध्ये जायचं, रक्त द्यायचं, मगच गोळी घ्यायची. लेव्हल खाली गेली तर पेशी उठतात. वर गेली तर हात थरथरतात, साखर वाढते आणि खुद्द किडनीलाच त्रास होतो. ज्या किडनीसाठी औषध घ्यायचं, तिलाच ते हळूहळू झिजवतं, हा पहिला पेच.

दुसरा पेच पेशींच्या पातळीवरचा आहे आणि तो जास्त खोल आहे. टॅक्रोलिमस टी पेशींचं इंटरल्यूकिन-२ हे रसायन बंद पाडतं. त्या रसायनावर हल्लेखोर पेशी फोफावतात, म्हणून हे औषध चालतं. पण ज्या पेशी परक्याला सांभाळून घ्यायला शिकवतात, त्याही इंटरल्यूकिन-२ वरच जगतात. भांडणारे आणि समजूत घालणारे दोघांचंही अन्न एकदम तोडलं जातं. घरात शांतता राहते, पण समेट होत नाही.

समजूत घालणाऱ्या पेशी

अशा पेशी असतात, हे मान्य व्हायलाच वैद्यकाला अनेक वर्षं लागली. १९७० च्या दशकात ‘दाबणाऱ्या टी पेशीं’ची कल्पना जोरात होती, पण पुरावे ढासळले आणि १९८० च्या दशकात तो विषय जवळजवळ वाळीत पडला. जपानचे शिमोन साकागुची मात्र त्याला चिकटून राहिले. नवजात उंदराच्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशी थायमस ही ग्रंथी काढली, तर टी पेशी कमी होऊन तो शांत व्हायला हवा. प्रत्यक्षात त्याच्या पेशी त्याच्याच अवयवांवर तुटून पडत. निरोगी उंदराच्या टी पेशी दिल्या की हा हल्ला थांबे. म्हणजे टी पेशींतच कोणीतरी आवर घालणारं होतं. १९९५ साली साकागुचींनी त्या पेशींची खूण दाखवली: अंगावर सीडी४ आणि सीडी२५. त्यांना रेग्युलेटरी टी पेशी, थोडक्यात टी-रेग म्हणतात. माणसाच्या रक्तातल्या सीडी४ पेशींत त्यांचं प्रमाण ५ ते १० टक्के असतं.

दुसरा धागा अमेरिकेतल्या ओक रिजच्या प्रयोगशाळेतून आला. १९४० च्या दशकात तिथे किरणोत्साराच्या अभ्यासासाठी पाळलेल्या उंदरांत काही नर खरबरीत, खपल्या धरलेल्या कातडीचे निपजले आणि काही आठवड्यांत मेले. त्यांना ‘स्कर्फी’ नाव पडलं. कित्येक वर्षांनी मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी एक्स गुणसूत्रावरचा संशयित तुकडा वीस जनुकांपर्यंत आणून ठेवला आणि एकेक तपासत गेले. दोष विसाव्या, म्हणजे शेवटच्या जनुकात निघाला. २००१ साली प्रसिद्ध झालेलं हे जनुक म्हणजे फॉक्सपी३. माणसांत तेच बिघडलं तर आयपेक्स हा लहान मुलांचा जीवघेणा आजार होतो. दोनच वर्षांत स्पष्ट झालं की टी-रेगला टी-रेग बनवतं ते हेच जनुक. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी या तिघांना वैद्यकाचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा रॅम्सडेल फोन बंद ठेवून डोंगरात भटकत होते. बातमी त्यांना तासांनी कळली, तीही बायकोच्या आरडाओरड्यातून. त्यांना आधी वाटलं, अस्वल आलं.

टी-रेग नक्की काय करते? ती हल्लेखोरांना मारत सुटत नाही. आजूबाजूचं इंटरल्यूकिन-२ आधाशासारखं पिऊन टाकते, त्यामुळे शेजारच्या पेशींना वाढायला काही उरत नाही. बातमी देणाऱ्या डेंड्रायटिक पेशीच्या अंगावर टी पेशीला चेतवणारे जे रेणू असतात, ते ओढून स्वतःच्या पोटात घेते. झेंडा दिसतो, पण चिथावणी मिळत नाही, आणि चिथावणीविना झेंडा पाहिलेली टी पेशी ढिली पडते. शिवाय ती इंटरल्यूकिन-१० सारखी शमवणारी रसायनं सोडते.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या संशोधकांनी हे काम किडनीच्या आतच चालताना पाहिलं. काही वाणांचे उंदीर परकी किडनी औषधाविना स्वीकारतात. त्यांच्याच अंगावर त्याच दात्याची त्वचा लावली असती तर ती मात्र सहसा टिकली नसती. अशा किडनीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर रोहिणींच्या भोवती लहान पेशींचे दाट पुंजके दिसतात. वरवर पाहता हे रिजेक्शनच वाटावं. पण रंग दिल्यावर त्या पुंजक्यांत फॉक्सपी३ असलेल्या पेशी भरपूर निघतात. त्या पेशी औषधाने काढून टाकल्या की किडनी नाकारली जाते. म्हणजे किडनीत पेशींची गर्दी आहे की नाही, यापेक्षा ती कोणाची आहे हे महत्त्वाचं.

ज्यांनी गोळ्या सोडल्या

माणसांतही असे लोक आहेत, जरी विरळा. काहींनी डॉक्टरांचं न ऐकता औषधं बंद केली, काहींची कॅन्सर किंवा जंतुसंसर्गामुळे बंद करावी लागली. अशा जवळजवळ सगळ्यांची किडनी पुढे बिघडते, म्हणून कोणीही हा प्रयोग स्वतःवर करायचा नसतो. पण मोजक्या जणांचं क्रिॲटिनिन वर्षानुवर्षं स्थिर राहिलं. अमेरिकेत अशा २५ जणांना शोधून त्यांचं रक्त तपासलं गेलं. सगळ्यांना वाटत होतं की टी-रेगचा डोंगर दिसेल. २०१० साली निकाल आले ते बी पेशींचे. या लोकांत कोवळ्या, अजून कोणाशी गाठ न पडलेल्या बी पेशी जास्त होत्या, आणि त्यांची जनुकं जास्त जागी होती. त्याच वर्षी युरोपातल्या दुसऱ्या गटालाही तेच दिसलं. ज्या पेशी प्रतिपिंडं बनवून किडनी घालवतात, त्यांचीच कोवळी भावंडं इंटरल्यूकिन-१० सोडून शमवण्याचं कामही करतात. एक शंका मात्र राहिली. तुलनेसाठी घेतलेले रुग्ण गोळ्या घेत होते आणि या गोळ्या कोवळ्या बी पेशी कमी करतात. तेव्हा दिसलेला फरक सहनशीलतेचा किती आणि गोळ्या नसण्याचा किती, यावर पुढे बरीच चर्चा झाली.

वाट पाहण्यापेक्षा पेशी बाहेरून देता येतील का, हे पाहायला युरोप-अमेरिकेतल्या केंद्रांनी मिळून ‘द वन स्टडी’ केला. जिवंत दात्याची किडनी मिळालेल्या ३८ जणांना प्रयोगशाळेत वाढवलेल्या शमवणाऱ्या पेशी दिल्या. कुठे टी-रेग, कुठे मॅक्रोफेज, कुठे डेंड्रायटिक पेशी. २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आले: १५ जणांचं एक औषध बंद करता आलं आणि ते एकट्या टॅक्रोलिमसवर राहिले. गोळ्या पूर्ण सुटल्या नाहीत, पण विषाणूंचे संसर्ग कमी झाले आणि किडनीला धोका वाढला नाही. पुढची पायरी म्हणून दात्याचं विशिष्ट एचएलए ओळखेल असा कृत्रिम ग्राही (रिसेप्टर) टी-रेगवर बसवून त्या थेट किडनीकडे पाठवण्याचे प्रयत्न माणसांवर सुरू झाले आहेत.

दुसरी वाट ओवेन यांच्या वासरांची आहे: किडनीबरोबर दात्याची अस्थिमज्जाही द्यायची. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १९९८ साली अस्थिमज्जेचा कॅन्सर आणि किडनी निकामी अशा दोन्ही आजारांच्या एका स्त्रीला तिच्या बहिणीकडून दोन्ही गोष्टी मिळाल्या, आणि तिला किडनीसाठी गोळ्या लागल्या नाहीत. मग डेव्हिड सॅक्स, तात्सुओ कावाई आणि सहकाऱ्यांनी कॅन्सर नसलेल्या, एचएलए अर्धंच जुळलेल्या पाच जणांवर हे केलं. आधी औषधांनी आणि थायमसवर किरण सोडून जुन्या पेशी कमी केल्या. दात्याच्या रक्तपेशी फक्त काही आठवडे रुग्णांच्या अंगात दिसल्या आणि नाहीशा झाल्या. तरीही २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात पाचांपैकी चौघांच्या गोळ्या बंद झालेल्या होत्या. सुरुवातीला टी-रेग वाढल्या, पुढे दात्यावर उठणाऱ्या टी पेशींचे वंशच हळूहळू आटले. अर्थात हे सरसकट जमलं नाही. पुढच्या काळात काहींना गोळ्या परत सुरू कराव्या लागल्या. मज्जा पक्की रुजली, तर दात्याच्या पेशींनीच यजमानावर उठण्याचा धोका असतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. भारतात अहमदाबादच्या किडनी संस्थेत डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनी दात्याच्या मूळ पेशी यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत सोडून गोळ्यांचं प्रमाण कमी करण्यासाठी अनेक वर्षं काम केलं. यकृत परक्या गोष्टी सहज खपवून घेतं, ही त्यामागची धारणा.

निसर्ग हा प्रयोग प्रत्येक गर्भारपणात करत असतो. मूल आईला अर्धं परकं असतं, तरी नऊ महिने ती ते वागवते. त्यात टी-रेगचा मोठा वाटा आहे. उलट दिशेने आईच्या काही पेशी मुलाच्या अंगात उतरतात आणि दशकानुदशकं राहतात. याचा परिणाम किडनीत दिसतो. १९९८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये विल्यम बर्लिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी भावंडांकडून मिळालेल्या, एका गुच्छाने न जुळणाऱ्या किडन्या पाहिल्या. न जुळणारा गुच्छ आईचा असेल, म्हणजे रुग्णाला वारशात मिळाला नाही पण गर्भात असताना भेटलेला, तर १० वर्षांनी ७७ टक्के किडन्या चालू होत्या. तोच वडिलांचा असेल तर ४९ टक्के. आईच्या त्या न मिळालेल्या गुच्छाची ओळख मुलाच्या पेशींनी अनेक वर्षं जपली होती.

यातल्या बहुतेक पद्धतींना एक अट आहे. दाता जिवंत हवा आणि दिवस ठरलेला हवा, कारण पेशी वाढवायला किंवा शरीर तयार करायला दिवस लागतात. मेंदूमृत दात्याची किडनी काही तासांच्या मुदतीने येते. मुंबईत झेडटीसीसी या अवयववाटप करणाऱ्या संस्थेच्या यादीवर असलेल्या माणसाला फोन आला की गाडी काढून रुग्णालय गाठायचं असतं. टी-रेग वाढवायला सवड नसते. त्यावर उपाय म्हणून बोस्टनच्या गटाने माकडांत क्रम उलटा करून पाहिला. किडनी आधी बसवायची, नेहमीच्या गोळ्यांवर ठेवायची, दात्याची मज्जा गोठवून ठेवायची आणि काही महिन्यांनी, जखमा भरल्यावर ती द्यायची. काही माकडांत हे जमलं. माणसात मज्जा मेंदूमृत दात्याच्या पाठीच्या मणक्यांतून काढता येते. या पद्धतीत घाई कोणाला नसते, फक्त फ्रीझर हवा असतो आणि तोवर रात्री नऊची गोळी चुकवायची नसते.